पेनड्राइव्ह लावल्याचे डेस्कटॉप प्रोग्रामला कळावे कसे

काही वर्षांपूर्वी एका डीटीपीच्या दुकानासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचे कार्ड घेऊन येते, दुकानातला मुलगा ते संगणकाला लावतो, आणि त्यातल्या पीडीएफ व छायाचित्रांच्या फायली प्रोग्रामने आपणहून पडद्यावर मांडाव्यात, एवढीच मागणी होती. पहिली आवृत्ती अर्ध्या दिवसात तयार झाली आणि माझ्या टेबलावर बिनचूक चालली. दुकानात मात्र कधी ड्राइव्ह लावूनही यादी येईना, कधी तीच यादी दोनदा येई, आणि एकदा तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेच्या फायली पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावाखाली दिसू लागल्या. चूक माझीच होती. ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेल्या सूचनेलाच मी पूर्ण बातमी समजत होतो. त्यानंतर मी जी मांडणी वापरत आलो आहे तीच या लेखात पायरीपायरीने दिली आहे. तिचे सूत्र असे, की सूचना ही दारावरची थाप समजावी; दाराबाहेर कोण आहे हे दरवेळी स्वतः उघडून पाहावे आणि आपल्या जवळच्या यादीशी ताडून घ्यावे.

फंक्शनांची आणि मेसेजांची नावे पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मेसेजांचे आकडे दशमान पद्धतीत आहेत. अधिकृत दस्तऐवजांत आणि कोडमध्ये ते बहुधा षोडशमानात आढळतील.

‘लावणे’ या एका क्रियेत काय काय घडते

आपण पेनड्राइव्ह पोर्टमध्ये सरकवतो तेव्हा एकामागून एक बऱ्याच गोष्टी घडतात. प्रथम यूएसबी नियंत्रकाला एखादे उपकरण आल्याचे कळते आणि तो त्याला ‘तू कोण’ असे विचारतो. उपकरणाने आपला वर्ग क्रमांक ८, म्हणजे साठवणीचा, असल्याचे सांगितले की त्याचा ड्रायव्हर चढतो आणि सिस्टिमला एक डिस्क दिसू लागते. मग डिस्कवरील विभाजनांचा तक्ता वाचला जातो, प्रत्येक विभाजनाचा एक व्हॉल्यूम तयार होतो, त्या व्हॉल्यूमवरची फाइल सिस्टिम ओळखली जाते, आणि सर्वांत शेवटी तिला विंडोजवर एखादे अक्षर किंवा लिनक्स आणि मॅकओएसवर एखादे फोल्डर मिळते. आपल्या प्रोग्रामला फायली वाचायच्या असल्याने त्याला या शेवटच्या टप्प्याशी कर्तव्य आहे; परंतु सूचना मात्र प्रत्येक टप्प्यावर निघतात, आणि नवखा प्रोग्रामर बहुतेक वेळा सर्वांत पहिली सूचना धरून बसतो. ती येते तेव्हा ड्राइव्हवर वाचण्याजोगे अजून काहीच नसते.

यावरून आणखी दोन गोष्टी निघतात. एका पेनड्राइव्हवर दोन विभाजने असतील तर डिस्क एकच येते, व्हॉल्यूम दोन येतात. उलट, चार खाचांचा कार्ड रीडर लावला तर कार्ड एकही नसताना चार ड्राइव्ह अस्तित्वात येऊ शकतात. म्हणून प्रोग्राममध्ये ‘उपकरण’ मोजायचे नसून ‘वाचता येणारा व्हॉल्यूम’ मोजायचा आहे, हे सुरुवातीलाच ठरवून टाकावे.

मोबाइल फोनचे प्रकरण वेगळे आहे. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून फोन एमटीपी या पद्धतीने बोलू लागले, आणि त्या पद्धतीत फोनचा व्हॉल्यूम बनतच नाही. त्याला अक्षरही मिळत नाही. गिऱ्हाईक केबलने फोन जोडून ‘यातला फोटो घ्या’ म्हणणार असेल तर विंडोजच्या पोर्टेबल डिव्हाइसेस या स्वतंत्र व्यवस्थेकडे जावे लागते. तो विषय या लेखाच्या बाहेरचा आहे. मात्र ‘फोन का दिसत नाही’ हा प्रश्न येणारच, म्हणून प्रोग्रामच्या पडद्यावर एका ओळीत खुलासा ठेवलेला बरा.

पहिली पायरी: विंडोजची हाक ऐकणे

विंडोजवर डब्ल्यूएम_डिव्हाइसचेंज हा मेसेज, क्रमांक ५३७, प्रत्येक वरच्या पातळीच्या विंडोला पाठवला जातो. व्हॉल्यूमविषयीची सूचना मिळण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागत नाही. केवळ विंडो असणे पुरेसे असते. येथेच पहिला सापळा आहे. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामला दृश्य विंडो कशाला हवी, असे म्हणून अनेक जण फक्त मेसेज घेण्यापुरती असणारी खास विंडो तयार करतात. अशा विंडोला सर्वांना उद्देशून पाठवलेले मेसेज पोहोचतच नाहीत. त्याऐवजी साधी वरच्या पातळीची विंडो तयार करून ती लपवून ठेवावी. विंडोज सर्व्हिसला, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या सेवेला, तर विंडोच नसते. तिने रजिस्टरडिव्हाइसनोटिफिकेशन या फंक्शनला सर्व्हिसचे हँडल (सिस्टिमने तिला दिलेला ओळखीचा आकडा) देऊन नोंदणी करावी.

विंडो तयार करण्याच्या चौकटींपैकी विनफॉर्म्समध्ये फॉर्मचे विंडप्रॉक, म्हणजे मेसेज हाताळणारे फंक्शन, ओव्हरराइड केले की काम होते. डब्ल्यूपीएफमध्ये एचविंडसोर्सला हुक जोडावा लागतो, आणि तो सोर्सइनिशियलाइज्ड या घटनेत जोडावा, कारण कन्स्ट्रक्टर चालत असताना विंडोचे हँडल अजून जन्मालाच आलेले नसते. क्यूटीमध्ये नेटिव्ह इव्हेंट फिल्टर बसवता येतो. मेसेज पाहून झाल्यावर त्या फिल्टरने ‘नाही’ हे उत्तर परत द्यावे, म्हणजे मेसेज पुढे आपल्या वाटेने जातो. क्यूटीचा क्यूस्टोरेजइन्फो हा वर्ग ५.४ पासून उपलब्ध आहे आणि यादी देण्याचे काम तो चांगले करतो. परंतु नवा ड्राइव्ह आल्याची सूचना तो देत नाही.

मेसेजसोबत येणारा पहिला आकडा घटनेचा प्रकार सांगतो. ३२७६८ म्हणजे काहीतरी आले, ३२७७२ म्हणजे काहीतरी पूर्णपणे गेले, ३२७६९ म्हणजे ‘हे काढू का’ अशी विचारणा, आणि नुसता ७ म्हणजे उपकरणांच्या झाडात कुठेतरी बदल झाला. या ७ सोबत दुसरी कोणतीही माहिती नसते, आणि तो एका जोडणीत अनेकदा येतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत तीच यादी दोनदा येण्याचे कारण हाच होता. ३२७६८ आल्यास दुसरा घटक एका रचनेचा पत्ता देतो. तिच्यातील उपकरणाचा प्रकार २ असेल तरच ती व्हॉल्यूमविषयी आहे असे समजावे आणि मगच पुढचे क्षेत्र वाचावे. प्रकार न तपासता थेट व्हॉल्यूमची रचना समजून वाचल्यास प्रिंटर जोडल्यावरही प्रोग्राम भलतेच अक्षर सांगू लागतो.

व्हॉल्यूमच्या रचनेत युनिटमास्क नावाचा एक आकडा असतो. त्याचा शून्यावा बिट म्हणजे ए, पहिला म्हणजे बी, याप्रमाणे सव्वीस अक्षरे त्यात बसवलेली असतात. समजा आकडा ३२ आला. ३२ म्हणजे २ चा पाचवा घात, म्हणजेच पाचवा बिट चढलेला आहे; शून्यापासून मोजत ए, बी, सी, डी, ई करत पाचव्या बिटावर एफ येते. आता समजा दोन विभाजनांच्या पेनड्राइव्हमुळे आकडा ९६ आला, तर त्यात ३२ आणि ६४ असे दोन बिट आहेत, म्हणजे एफ आणि जी. इंटरनेटवर फिरणारे बरेच नमुने पहिला चढलेला बिट सापडताच थांबतात आणि जी ड्राइव्ह गाळतात. सव्वीसही बिट तपासणारा लूप लिहायला एक ओळ जास्त लागते, इतकेच. त्याच रचनेतील फ्लॅग १ असेल तर माध्यम बदलले, म्हणजे आधीच असलेल्या कार्ड रीडरमध्ये कार्ड सरकवले किंवा सीडी घातली. फ्लॅग २ असेल तर ती नेटवर्कवरची ड्राइव्ह आहे आणि आपल्या कामाची नाही.

हा मेसेज हाताळताना दोन पथ्ये पाळावीत. रचनेचा पत्ता केवळ तो मेसेज हाताळून होईपर्यंतच वैध असतो, म्हणून हवे असलेले आकडे लगेच स्वतःकडे उतरवून घ्यावेत. दुसरे असे की मेसेज हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये फाइल उघडणे, फोल्डर चाळणे असले काहीही करू नये. खराब पेनड्राइव्ह वाचताना विंडोज बराच वेळ अडकून राहू शकते, आणि तेवढा वेळ आपली विंडो गोठलेली दिसते. हाक आली एवढी नोंद करावी आणि बाकीचे काम वेगळ्या थ्रेडवर सोपवावे.

दुसरी पायरी: थोडा दम धरून मोजणी करणे

हाक आली की अर्ध्या सेकंदाचा टायमर लावावा. तेवढ्यात आणखी हाक आली तर टायमर पुन्हा सुरुवातीपासून मोजू लागावा. सगळा गोंगाट थांबल्यानंतर टायमर पूर्ण होतो आणि तेव्हा एकदाच मोजणी होते. अर्धा सेकंद हा माझ्या अनुभवातला आकडा आहे; माणसाला तो जाणवत नाही आणि एका जोडणीतून येणारे बहुतेक मेसेज त्यात मावतात.

मोजणीसाठी गेटलॉजिकलड्राइव्ह्ज हे फंक्शन पुरते. ते तोच सव्वीस अक्षरांचा मास्क देते. प्रत्येक अक्षरासाठी गेटड्राइव्हटाइप विचारावे: २ म्हणजे काढता येणारे, ३ म्हणजे स्थिर, ४ म्हणजे नेटवर्कचे, ५ म्हणजे सीडी. येथे जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. यूएसबीने जोडलेली बाह्य हार्ड डिस्क स्वतःला ‘स्थिर’ म्हणवते, म्हणजे तिचा प्रकार २ नसून ३ येतो. केवळ २ शोधणारा प्रोग्राम पेनड्राइव्ह दाखवतो आणि छायाचित्रकाराने आणलेली एक टेराबाइटची डिस्क दाखवत नाही. यावर उपाय म्हणजे ‘ही काढता येते का’ असे न विचारता ‘ही कोणत्या मार्गाने जोडली आहे’ असे विचारणे. व्हॉल्यूम शून्य परवानगी मागून उघडावा, म्हणजे प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत, आणि त्याला स्टोरेज क्वेरी प्रॉपर्टीचा नियंत्रण संकेत पाठवावा. उत्तरातील बसटाइप ७ असेल तर जोडणी यूएसबीची, १२ असेल तर एसडी कार्डाची. लॅपटॉपमधले काही कार्ड रीडर आतून यूएसबीनेच जोडलेले असतात, त्यामुळे तेथे कार्ड असूनही ७ येतो. दोन्ही आकडे स्वीकारावेत.

त्यानंतर ड्राइव्ह वाचण्याच्या अवस्थेत आहे का, हे गेटव्हॉल्यूमइन्फर्मेशनने तपासावे. त्रुटी क्रमांक २१ आला तर ड्राइव्ह तयार नाही. कदाचित रिकामी खाच असेल, कदाचित डिस्क अजून गती घेत असेल. अशा वेळी एकेका सेकंदाच्या अंतराने चारपाच वेळा पुन्हा विचारावे आणि मग शांतपणे सोडून द्यावे. १००५ आला तर फाइल सिस्टिमच ओळखीची नाही. तेथे पुन्हा पुन्हा विचारण्यात अर्थ नाही, वापरकर्त्याला तसे सांगावे. बिटलॉकरने (विंडोजच्या कूटबद्ध करण्याच्या सोयीने) कुलूपबंद केलेल्या ड्राइव्हला अक्षर लगेच मिळते, पण संकेतशब्द टाकेपर्यंत आतले काही वाचता येत नाही. तिला ‘बंद’ अशी स्वतंत्र अवस्था द्यावी आणि अधूनमधून पाहत राहावे. ही सगळी तपासणी सुरू करण्यापूर्वी सेटएररमोडने गंभीर त्रुटींचे संवादपट बंद करून ठेवावेत. नाहीतर रिकाम्या कार्ड रीडरला हात लावताच ‘ड्राइव्हमध्ये डिस्क नाही’ असा संवादपट गिऱ्हाइकासमोर उभा राहण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी: ओळख आणि ताळा

आता लग्नपत्रिकांच्या गोंधळाकडे येऊ. पहिल्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह एफ होता. मुलाने तो उपसला आणि त्याच पोर्टमध्ये दुसऱ्याचा लावला, आणि त्यालाही एफ हेच अक्षर मिळाले. माझ्या यादीत एफ आधीच होता, नव्या मोजणीतही एफ होता, म्हणून ताळा जुळला आणि प्रोग्रामच्या दृष्टीने काहीच घडले नाही. अक्षर म्हणजे ड्राइव्हची ओळख नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून यादीतील प्रत्येक नोंदीची किल्ली अक्षर, व्हॉल्यूमचा अनुक्रमांक आणि विंडोजने त्या व्हॉल्यूमला दिलेले लांबलचक अंतर्गत नाव अशी तिघांची मिळून करावी. अनुक्रमांक गेटव्हॉल्यूमइन्फर्मेशनमधून मिळतो, अंतर्गत नाव गेटव्हॉल्यूमनेमफॉरव्हॉल्यूममाउंटपॉइंट या जीभ वळवणाऱ्या फंक्शनमधून. केवळ अनुक्रमांकावर भिस्त ठेवू नये. तो ३२ बिटांचा असतो, फॉरमॅट केल्यावर बदलतो, आणि एका पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रतिमा दहा पेनड्राइव्हांवर उतरवली असेल तर दहांचा अनुक्रमांक एकच निघतो.

एक फट तरीही राहते. तोच पेनड्राइव्ह अर्ध्या सेकंदाच्या आत काढून पुन्हा लावला तर किल्ली बदलत नाही, पण आपण उघडून ठेवलेली सगळी हँडल्स मात्र मेलेली असतात. यासाठी ३२७७२ चा मेसेज ज्या अक्षरासाठी आला त्या नोंदीवर ‘शिळी’ अशी खूण करावी. पुढच्या मोजणीत शिळी नोंद जुळली तरी ती जुनी जाऊन नवी आली असे धरावे. ‘थाप’ ही फक्त थाप समजावी असे वर म्हटले आहे. त्याला हा एवढा एक अपवाद आहे.

प्रोग्राम सुरू होतानाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी यादी करायची आणि मग मेसेज ऐकू लागायचे, असे केल्यास मधल्या क्षणात लावलेला ड्राइव्ह कायमचा हुकतो. आधी ऐकू लागावे, मग पहिली मोजणी करावी. एखादा ड्राइव्ह दोन्हीकडून कळला तरी यादीची किल्ली एकच असल्याने दुसरी नोंद होत नाही. तसेच संगणक झोपेतून उठल्यावर डब्ल्यूएम_पॉवरब्रॉडकास्ट हा ५३६ क्रमांकाचा मेसेज येतो. त्यातला १८ हा संकेत दिसला की पूर्ण मोजणी पुन्हा करावी, कारण झाकण बंद असताना कोणी काय काढले आणि काय लावले याची खात्री देता येत नाही.

ज्यांना हे सगळे मेसेज नकोसे वाटतात त्यांनी दर दोन सेकंदांनी गेटलॉजिकलड्राइव्ह्ज विचारत राहण्यास माझी हरकत नाही. ते फंक्शन अत्यंत स्वस्त आहे आणि दुकानातल्या एका संगणकापुरता हा मार्ग प्रामाणिक आहे. मात्र त्या पोलिंगमध्ये प्रत्येक ड्राइव्हची मोकळी जागा किंवा नाव विचारण्याचा मोह टाळावा. त्यामुळे झोपलेल्या बाह्य डिस्का जाग्या होतात आणि तुटलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर थ्रेड अडकून बसतो. डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती पुरवणाऱ्या व्यवस्थेमधून लॉजिकल डिस्कची नवी नोंद झाल्याची घटना मागणारे नमुनेही ठराविक सेकंदांचे अंतर देऊन लिहिलेले असतात. तेही आतून पोलिंगच होय. त्यातल्या त्यात विन३२_व्हॉल्यूमचेंजइव्हेंट बरा, त्यात २ म्हणजे आगमन आणि ३ म्हणजे गमन.

लिनक्सवर हेच काम

लिनक्समध्ये कर्नल नेटलिंक सॉकेटवरून घटना जाहीर करतो, युडेव्ह ती ऐकून उपकरणाची माहिती भरतो, आणि त्यावर युडिस्क्स२ ही सेवा डी-बसवर, म्हणजे प्रोग्रामांना आपसात बोलण्यासाठी असलेल्या वाहिनीवर, प्रत्येक ड्राइव्हची वस्तू मांडते. डेस्कटॉप प्रोग्रामने सर्वांत वरच्या थराशीच बोलावे असे माझे मत आहे. कर्नलची घटना थेट ऐकली तर युडेव्हने फाइल सिस्टिमचा प्रकार आणि नाव भरण्याआधीच आपण धावत सुटतो.

युडिस्क्स२ कडे इंटरफेसेसअॅडेड आणि इंटरफेसेसरिमूव्ह्ड हे दोन सिग्नल आधी जोडून घ्यावेत आणि नंतर गेटमॅनेज्डऑब्जेक्ट्सने सध्याची यादी मागवावी. क्रमाचे कारण वर आलेच आहे. नव्या वस्तूला फाइलसिस्टिम हा इंटरफेस असेल तरच ती आपल्या कामाची. ब्लॉक इंटरफेसवरील हिंटसिस्टिम आणि हिंटइग्नोर हे दोन गुणधर्म पाहून संगणकाच्या आतली विभाजने गाळावीत, आणि ड्राइव्ह इंटरफेसवरील कनेक्शनबसचे मूल्य यूएसबी आहे का ते पाहावे. वस्तू दिसली म्हणजे ती माउंट झाली, म्हणजे फोल्डर म्हणून जोडली गेली, असे मात्र नाही. आपोआप माउंट करायचे की नाही हे डेस्कटॉपच्या सेटिंगवर अवलंबून असते. त्यासाठी माउंटपॉइंट्स या गुणधर्माचा बदल ऐकावा, आणि दोनतीन सेकंदांत काही आले नाही तर स्वतः माउंट ही पद्धत बोलवावी. समोर बसलेल्या वापरकर्त्याला बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी सहसा संकेतशब्द विचारला जात नाही. माउंटपॉइंट्समध्ये मजकूर नसून बाइटांच्या रांगा असतात आणि प्रत्येकीच्या शेवटी शून्य बाइट असतो. तो कापला नाही तर दिसायला बरोबर असलेला मार्ग उघडताना ‘असे फोल्डर नाही’ असे उत्तर येते, आणि ही चूक शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली होती.

उबंटू आणि डेबियनवर ड्राइव्ह मूळ फोल्डरातल्या मीडियामध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली येतो, तर फेडोरा आणि आर्चवर रन या फोल्डरातील मीडियामध्ये. म्हणून मार्ग कोडमध्ये कोरून ठेवू नये. जीटीके या विंडो तयार करण्याच्या लायब्ररीवर लिहिणाऱ्यांना जीव्हॉल्यूममॉनिटर सोपा पडेल. त्यातला ‘माउंट-अॅडेड’ हा सिग्नल हवा, ‘व्हॉल्यूम-अॅडेड’ नव्हे. कोणतीच लायब्ररी नको असेल तर प्रॉक फोल्डरातील स्वतःच्या प्रक्रियेची माउंटइन्फो ही फाइल उघडून तिच्यावर पोल करता येते. माउंटमध्ये बदल झाला की पोल जागा होतो आणि आपण फाइल पुन्हा वाचायची. इनोटिफाय ही फायलींतले बदल कळवणारी सोय मात्र या फाइलवर चालत नाही. त्या फाइलमध्ये नावातील मोकळी जागा उलटी तिरकी रेघ आणि ०४० अशा अष्टमान रूपात लिहिलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

मॅकओएसवर

मॅकवर डिस्क आर्बिट्रेशन ही चौकट आहे. सत्र तयार करावे, डिस्क दिसल्याचा आणि नाहीशी झाल्याचा कॉलबॅक नोंदवावा आणि सत्र रनलूपला जोडावे. नोंदणी करताच आधीपासून असलेल्या डिस्कांसाठीही कॉलबॅक येतो, म्हणून पहिली मोजणी वेगळी करावी लागत नाही. डिस्क दिसल्याच्या कॉलबॅकमध्ये व्हॉल्यूमचा मार्ग बहुधा रिकामा असतो, कारण माउंट त्यानंतर होते. तो मार्ग मिळवण्यासाठी वर्णन बदलल्याचा कॉलबॅकही नोंदवावा. केवळ माउंट झालेले व्हॉल्यूम हवे असतील तर एनएसवर्कस्पेसची ‘डिडमाउंट’ सूचना पुरते, पण ती वर्कस्पेसच्या स्वतःच्या सूचना केंद्रावर येते. नेहमीच्या केंद्रावर वाट पाहणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. २०१९ च्या कॅटलिनापासून बाह्य व्हॉल्यूमवरच्या फायली वाचताना वापरकर्त्याची परवानगी विचारली जाते, त्यामुळे माउंट झालेला व्हॉल्यूम नाकारला जाणे हीही एक संभाव्य अवस्था म्हणून कोडमध्ये धरावी.

नावे, विशेषतः मराठी नावे

एफएटी३२ मध्ये ड्राइव्हचे नाव अकरा बाइटांचे आणि जुन्या कोड पेजमधले असते, त्यामुळे तेथे देवनागरी नाव मावत नाही. एक्सएफएटीमध्ये अकरा युनिकोड घटक आणि एनटीएफएसमध्ये बत्तीस बसतात, आणि तेथे लोक हौसेने मराठी नावे देतात. विंडोजवर फंक्शनांची डब्ल्यू अक्षराने संपणारी रूपेच वापरावीत. ए अक्षराची जुनी रूपे वापरल्यास ‘लग्नपत्रिका अंतिम’ या फोल्डरचे नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन येते.

मराठीचा खास प्रश्न ‘वऱ्हाडी’ या शब्दात आहे. त्यातला ऱ हा एक अखंड वर्ण म्हणून लिहिलेला असू शकतो किंवा र आणि खालचा नुक्ता असा दोन घटकांत. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमवरून येणारी नावे दुसऱ्या प्रकारची असतात. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात आणि बाइटांच्या तुलनेत वेगळी ठरतात, म्हणून नावे ताडण्यापूर्वी युनिकोडचे एनएफसी, म्हणजे घटक जोडून अखंड वर्ण करणारे, रूप करून घ्यावे. काही कळफलक हाच आकार र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्याच मार्गाने काढतात. त्याला एनएफसीही जुळवून घेत नाही; तेथे स्वतःच बदल करावा लागतो.

चौथी पायरी: ड्राइव्ह सोडणे

आलेला ड्राइव्ह ओळखणाऱ्या प्रोग्रामने तो जाऊही दिला पाहिजे. ‘हे उपकरण वापरात आहे’ असा संदेश येऊन दुकानातला मुलगा वैतागतो तेव्हा दोष बहुधा आपल्याच प्रोग्रामचा असतो. विंडोजवर व्हॉल्यूमचे हँडल उघडून त्या हँडलसाठी रजिस्टरडिव्हाइसनोटिफिकेशन केले की काढण्यापूर्वी ३२७६९ ची विचारणा आपल्यापर्यंत येते. ती आल्यावर चालू काम थांबवावे, सर्व फायली आणि ते हँडलही बंद करावे आणि होकार द्यावा. दुसऱ्या कोणा प्रोग्राममुळे काढणे फसले तर ३२७७० येतो, तेव्हा हँडल पुन्हा उघडून नोंदणी नव्याने करावी. सगळे बंद करूनही ड्राइव्ह सुटत नसेल तर प्रोग्रामचे चालू फोल्डर तपासावे. फाइल निवडण्याचा जुना संवादपट ते चालू फोल्डर गुपचूप पेनड्राइव्हवर नेऊन ठेवतो. काम झाल्यावर ते परत सी ड्राइव्हवर आणावे.

प्रत्यक्षात माणसे न विचारताच ड्राइव्ह उपसतात. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘झटपट काढणे’ हेच मूळ धोरण आहे, त्यामुळे पेनड्राइव्हवर लिहिताना होणारे नुकसान कमी झाले. आपण तेथून वाचत असलो तर वाचन मध्येच तुटते ते तुटतेच. नक्कल करताना फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवावी आणि पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे. ११६७, ४३३, २१ आणि ३ या त्रुटी ‘ड्राइव्ह गेला’ याच अर्थाच्या धराव्यात, आणि जाण्याचा मेसेज येण्याची वाट न पाहता मोजणीचा टायमर लावावा.

एक सावधगिरी येथेच सांगतो. आलेल्या ड्राइव्हवरची कोणतीही गोष्ट आपणहून चालवू नये. यूएसबीवरील ऑटोरन मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये काढून टाकले, आणि २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने तर फक्त शॉर्टकट फाइलचे चिन्ह दाखवले जाण्याचाही उपयोग शिरकावासाठी करून घेतला होता. दुकानांत ‘शॉर्टकट व्हायरस’ अजून भेटतो: खरे फोल्डर लपवलेले असते आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवलेला असतो. माझा प्रोग्राम लपवलेली फोल्डरे चाळतो आणि शॉर्टकटांकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे ‘फायली गायब झाल्या’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकांच्या फायलीही त्यात सापडतात.

पाचवी पायरी: चाचणी

प्रत्येक बदलानंतर पेनड्राइव्ह काढत-घालत बसणे कंटाळवाणे आहे. विंडोजवर व्हीएचडी फाइल (डिस्कसारखी वागणारी फाइल) जोडून आणि काढून मेसेजांचा मार्ग तपासता येतो, फक्त तिचा बसटाइप यूएसबीचा नसल्याने चाचणीपुरती ती चाळणी उघडी ठेवावी. लिनक्सवर युडिस्क्सकंट्रोलच्या लूप-सेटअप या आज्ञेने आणि मॅकवर एचडीआययूटिलने डिस्क प्रतिमा जोडता येते. लिनक्सवर दुसऱ्या टर्मिनलमध्ये युडेव्हअॅडमिनचा मॉनिटर चालू ठेवला तर कर्नलची आणि युडेव्हची घटना एकाखाली एक दिसतात.

खऱ्या वस्तूंची चाचणी तरीही चुकत नाही. माझ्या खणात त्यासाठी एक डबा आहे. त्यात दोन विभाजनांचा पेनड्राइव्ह, एनटीएफएसची बाह्य डिस्क, बिटलॉकर लावलेला पेनड्राइव्ह, फॉरमॅट न केलेले कार्ड, चार खाचांचा कार्ड रीडर, आणि एका प्रतिमेवरून बनवलेले दोन जुळे पेनड्राइव्ह आहेत. जुळ्यांपैकी एक उपसून त्याच पोर्टमध्ये लगेच दुसरा लावणे ही चाचणी मी सर्वांत आधी करतो. त्यानंतर सगळे एका हबला लावून, नक्कल चालू असताना, हबची केबल एकदम ओढतो. यादी रिकामी झाली, तात्पुरत्या नावाच्या फायली साफ झाल्या आणि विंडो हलती राहिली, तर ती आवृत्ती दुकानात जाते.